कुलाब्याच्या किनाऱ्यावरील शास्त्रशिक्षण : ते कोणापर्यंत पोचले?



आपल्या स्मरणिकेच्या पानांतून पूर्वजांच्या पराक्रमाविषयी, ग्रामदैवतांविषयी आणि गावोगावच्या कर्त्या पुरुषांविषयी पुष्कळ लिहिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु गणित, शास्त्र आणि यंत्रविद्या ह्यांचे शिक्षण आपल्या किनाऱ्यावर केव्हा आले, कोणी आणले, आणि ते आगरी-कोळ्यांच्या व इतर कष्टकरी जातींच्या मुलांच्या हाती लागावयास एवढा विलंब का झाला, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे. १ जानेवारी १९८१ पासून आपल्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यापूर्वीचा वृत्तांत सांगताना जुने कुलाबा हेच नाव वापरले आहे, ते वाचकांनी समजून घ्यावे.

आरंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. ह्या किनाऱ्यावरील अक्षरशत्रू माणसाला गणिताचे व निसर्गनियमांचे ज्ञान नव्हते, असे जे मानले जाते ते खरे नाही. वरसोलीच्या किंवा बोडणीच्या वृद्ध तांडेलास भरती केव्हा, असे विचारले असता तो घड्याळाकडे पाहत नाही. तो तिथी विचारतो. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडील परंपरेचा हिशेब आहे. चतुर्थीस तीनला, अष्टमीस सहाला, दशमीस साडेसातला पूर्ण भरती. अमावास्येस व पौर्णिमेस बाराच्या सुमारास. आता ह्या हिशेबाची शास्त्रीय कसोटी लावून पाहा. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी होतात व तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाचा चोवीस तासांचा फेरा पुरा करते. म्हणजे सरासरीने तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटे. तांडेलाचा पाऊणपटीचा हिशेब पंचेचाळीस मिनिटांचा. तिथीमागे फरक तीन मिनिटांचा, आणि पंधरवड्यात साचणारी तूट नेमकी पाऊण तासाची. म्हणूनच पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येत असूनही पौर्णिमेची भरती तो बाराचीच सांगतो! उधाण आणि भांग ह्यांतला भेद, वाऱ्याने भरती पुढेमागे होणे, हे सारे तो ह्या हिशेबावर अंदाजाने चढवितो. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे छडीच्या धाकाने घोकून घेतले जात. ज्याला त्या शाळेच्या ओटीवर बसण्याचा अधिकार नव्हता, त्याने पाऊणकी समुद्रावर पाठ केली.

तीच गोष्ट खारभूमीची. समुद्राने गिळलेली जमीन बांध घालून परत मिळवावयाची, आणि त्या बांधात अशी उघाडी बसवावयाची की ओहोटीच्या वेळी आतील गोड्या पाण्याच्या दाबाने तिचे दार आपोआप बाहेर उघडावे व भरतीच्या वेळी समुद्राच्याच दाबाने ते घट्ट मिटावे. कोणा माणसाने तेथे उभे राहावयास नको. ह्याला जलस्थितिशास्त्र म्हणतात हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक नव्हते; पण पेण, अलिबाग व उरण ह्या तालुक्यांतील हजारो एकर भातजमीन त्याच शास्त्रावर उभी राहिली. मिठागरात एका खाचरातून दुसऱ्यात पाणी केव्हा सोडावयाचे, ते किती घट्ट झाले म्हणजे मीठ धरील, हे नुसत्या नजरेने ओळखणारे आगरी आजही काही ठिकाणी भेटतील. अर्थात ह्या ज्ञानाचे गोडवे गाऊन थांबणे मला पसंत नाही. जे ज्ञान कागदावर उतरत नाही ते एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जात नाही, आणि त्याच्या जोरावर कोणास ओव्हरसियरची जागाही मिळत नाही.

कागदावरचे शास्त्र मात्र ह्या किनाऱ्याजवळ फार लवकर आले होते. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांनी १८२३ साली शिक्षणाविषयी आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. त्याच सुमारास कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांनी मुंबईत इंजिनियर तयार करण्याचा वर्ग काढला. त्या वर्गाचे वैशिष्ट्य असे की, तेथील अध्यापन देशी भाषांतून चाले. जर्व्हिस ह्यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत ह्यांच्या साहाय्याने अंकगणित, बीजगणित, भूमिती आदी विषयांचे ग्रंथ मराठीत आणले. आणि त्यांतून तयार झालेले तरुण मोजणीच्या व बांधकामाच्या खात्यांत कामास लागले. मराठीतून गणित नीट शिकविता येईल काय, असा प्रश्न आज दोनशे वर्षांनंतर विचारणाऱ्या विद्वानांनी हा इतिहास पाहावा.

परंतु एल्फिन्स्टनसाहेबांच्या त्याच टिपणात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. अगदी खालच्या मानलेल्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात, असे मिशनऱ्यांना आढळून आल्याचे त्यांनी नमूद केले. मात्र त्यांना विशेष उत्तेजन देण्यात सरकारने सावध असावे, कारण शिक्षण त्यांच्यात प्रथम रुजले तर ते वरच्या वर्गांत पसरणार नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. बुद्धी आहे हे कबूल, तरीही दार हळूच उघडावे! पुढे १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. त्या बोर्डात १८४७ च्या सुमारास मोठा वाद माजला. कर्नल झालेले तेच जर्व्हिस, आणि जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे तीन देशी सभासद देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांचा कौल इंग्रजीस होता. उच्च शिक्षणात शेवटी इंग्रजीची सरशी झाली. ज्यांच्या घरात इंग्रजी शिकविण्यास पैसा होता, त्यांना ह्या निर्णयाने अडचण पडली नाही. खाडीकाठच्या मुलाला जातीच्या दारामागे भाषेचे दुसरे दार लागले.

ह्या साऱ्या इतिहासात अलिबाग तालुक्यातील एका गावाचे नाव ठळकपणे येते. ते गाव म्हणजे नागाव. केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांना महाराष्ट्र केरूनाना म्हणून ओळखतो, त्यांचा जन्म १८२५ साली तेथे झाला. तेव्हा कुलाब्यावर आंग्र्यांचे राज्य होते; ते १८४० साली खालसा झाले. केरूनानांचे चुलते सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे हे मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे देशी चिटणीस व मराठी गद्याच्या आद्य लेखकांपैकी एक. केरूनाना एल्फिन्स्टन विद्यालयात शिकले, प्रोफेसर आर्लिबार ह्यांच्या नजरेत भरले, आणि वयाची विशीही उलटली नसता कुलाबा बेटावरील वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागले. ही वेधशाळा १८२६ सालची. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी तेथे १८४१ पासून सुरू झाली. नागावच्या ह्या तरुणाने तेथे दहाएक वर्षे काढली व नंतर पुण्यास गणित आणि सृष्टिशास्त्र ह्यांचे अध्यापक झाले. टिळक व आगरकर हे त्यांचे विद्यार्थी. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला; प्रत्यक्ष वेधाशी जुळणारे पंचांग असावे म्हणून झटले; शाळांसाठी अंकगणिताची व पदार्थविज्ञानाची पुस्तके सोप्या मराठीत लिहिली. ज्ञानप्रसारक सभेपुढे त्यांनी जे विषय मांडले त्यांत भरती-ओहोटी हाही एक होता. १८८४ च्या मार्चमध्ये ते निवर्तले.

केरूनानांविषयी आदर बाळगूनच एक विचार मांडतो. त्यांची बुद्धी असामान्य होती, ह्यात शंका नाही. पण नागावच्या वाडीतून मुंबईच्या वेधशाळेपर्यंतची वाट त्यांच्यासाठी चुलत्यांनी आधीच मळलेली होती. शाळा कोठे आहे, तेथे कोणास भेटावे, कोणते पुस्तक प्रथम वाचावे, मुंबईत रात्री पाठ कोठे टेकावी, हे ज्याच्या घरातच ठाऊक असते त्याची निम्मी परीक्षा तेथेच उतरते. त्याच वर्षी त्याच नागावच्या पंचक्रोशीत, खारीच्या बांधावर, एखादा तितकाच तल्लख मुलगा जन्मास आला नसेल असे कोणी सांगावे? भरती-ओहोटीविषयी त्याला सभेतील पुष्कळ श्रोत्यांहून अधिक माहिती असती. त्याला बापू छत्र्यांसारखा चुलता नव्हता, एवढेच. १८८२ साली महात्मा फुले ह्यांनी हंटर कमिशनपुढे जी कैफियत मांडली तिचा गाभाही हाच होता. शेतकऱ्याच्या पैशावर सरकार वरच्या वर्गाचे शिक्षण पोसते. त्याऐवजी प्राथमिक शिक्षण बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, त्यात शेतीचे ज्ञान असावे, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी जातींतून घ्यावेत, असे त्यांनी मागितले.

विसाव्या शतकाच्या आरंभी तर शास्त्र आपण होऊन अलिबागेस चालत आले. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालवावयाचे ठरले. विजेच्या प्रवाहाने वेधशाळेतील नाजूक चुंबकसुया बिघडतील हे ओळखून संचालक डॉ. नानाभाई मूस ह्यांनी चुंबकीय विभाग समुद्रापलीकडे नेण्याचे ठरविले. १९०४ साली अलिबागची वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधणीत लोखंडाचा स्पर्श नाही. दगडसुद्धा चुंबकत्व नसलेला, पारखून आणलेला. कुलाबा व अलिबाग येथील मोजणी दोन वर्षे बरोबरीने चालविली, दोहोंचा मेळ बसविला, आणि १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय काम थांबविले. ट्रामगाड्या विजेवर धावू लागल्या १९०७ साली. एवढी दूरदृष्टी! १८४१ पासूनची ही अखंड नोंद जगातील जुन्या नोंदींपैकी एक गणली जाते, आणि १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्था ती पुढे चालवीत आहे. ज्या वेधशाळेत केरूनाना घडले, तिची सुई त्यांच्या जन्मगावापासून दोन-अडीच कोसांवर येऊन स्थिर झाली. मात्र त्या आवाराभोवती वाढलेल्या आपल्या कित्येक पिढ्यांना ते 'मॅग्नेटिक' म्हणजे साहेबाचे काहीतरी एवढेच माहीत होते. वेधशाळा दारात असणे आणि विद्या दारात असणे, ह्यांत अंतर असते.

जिल्ह्याच्या दक्षिणेस महाड. तेथील कथा अधिक कठोर आहे. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे हा महार जातीचा बुद्धिमान मुलगा. शिष्यवृत्ती मिळविली असूनही महाडच्या इंग्रजी शाळेत त्यास प्रवेश नाकारण्यात आला. त्या मुलाने डगमगून न जाता वर्तमानपत्रास पत्र लिहिले, तेव्हा शाळेस त्याला घ्यावे लागले. तरी बसावयास जागा मिळाली ती इतर मुलांपासून वेगळीच. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडास जी परिषद भरली व चवदार तळ्याचे पाणी ज्या दिवशी प्यायले गेले, त्या परिषदेच्या उभारणीत हेच मोरे अग्रभागी होते.

बाबासाहेबांच्या विचारातील एक भाग आपल्या विषयाशी फार निकटचा आहे, आणि तो कमी लोकांस ठाऊक असतो. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असता त्यांनी दलित वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. त्यात त्यांनी म्हटले आहे की, कला आणि कायदा ह्यांच्या पदव्यांनी दलितांची स्थिती पालटणार नाही. उच्च प्रतीचे विज्ञान व तंत्रशिक्षण हवे, आणि ते इतके खर्चाचे आहे की सरकारने शिष्यवृत्ती दिल्यावाचून त्यांना ते अप्राप्यच राहील. सरकारी छापखान्यांतून व रेल्वेतून उमेदवारीच्या जागाही त्यांनी मागितल्या. ह्या प्रयत्नांतून १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला तीन लाखांची तरतूद झाली. १९४६ साली मुंबईत त्यांनी जे सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेही कला आणि शास्त्र अशा दोन्ही शाखांचे. आपल्यापैकी अनेकांस हा इतिहास दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. तो तसा नाही. आज आपल्या मुलास इतर मागासवर्गाची जी शिष्यवृत्ती मिळते, तिची वाट प्रथम ह्याच लोकांनी पाडली.

इकडे आपल्या समाजात शाळेआधी पोटाचाच प्रश्न होता. खोताच्या वाट्याने कुळाच्या घरात दाणा उरत नसे. १९३३ पासून १९३९ पर्यंत चरी व आसपासच्या पंचवीसेक गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जमीन न कसण्याचा जो संप केला, तो आपल्या घराघरांत सांगितला जातोच, म्हणून येथे विस्तार करीत नाही. संपाच्या दिवसांत जंगलातील लाकूडफाटा विकून ज्यांनी पोट भरले त्यांच्या मुलांना भूमितीचे पुस्तक कोठून मिळणार! परंतु ज्या घराने संप लढविला त्याच घरातून पुढे शिक्षणाचे काम उभे राहिले. नारायण नागूंचे चिरंजीव ॲडव्होकेट दत्ता पाटील ह्यांच्या पुढाकाराने जनता शिक्षण मंडळाचे महाविद्यालय १९६१ साली अलिबागेस सुरू झाले. त्यापूर्वी कॉलेज म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे रेवसची बोट, एखाद्या गाववाल्याच्या खोलीतील वळकटीएवढी जागा व खानावळीचे पैसे. त्याच सुमारास, १९५९-६० मध्ये, अल्प वार्षिक उत्पन्न असणाऱ्या पालकांच्या मुलांना फी-माफीची सवलत राज्य सरकारने दिली. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा कोठे मिठागरातल्या घरांतून बी. एस्सी. झालेली मुले दिसू लागली.

त्यानंतर कारखाने आले. थळचा खतकारखाना १९८० नंतरच्या दशकात उत्पादन करू लागला. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. जमिनी गेल्या त्या प्रामुख्याने आपल्या. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यातील जासई-दास्तान भागात जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे तत्त्व पुढे आले. पण जमिनीच्या बदल्यात नोकरी ह्या मागणीपाशी आपण अडखळलो, हे मान्य करावयास हवे. प्रकल्पग्रस्ताचा दाखला हाती घेऊन गेलेल्या तरुणास दारावर विचारले जाई ते आय. टी. आय.चे किंवा डिप्लोम्याचे प्रमाणपत्र. ते नसल्यामुळे ज्या जमिनीवर कारखाना उभा राहिला तिच्याच मालकाच्या मुलाने तेथे हेल्पर म्हणून काम केले, आणि बॉयलरपाशी, पॅनेलपाशी दूर प्रांतांतून आलेले तंत्रज्ञ बसले. त्यात त्या तंत्रज्ञांचा दोष काय? त्यांच्या गावी तंत्रनिकेतन आधी पोचले होते. आमच्या जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले ते १९८९ साली. महाडपासून ते काही कोसांवरच आहे.

आता प्रश्न बुद्धीचा की संधीचा, ह्याविषयी नुसती भावनेने चर्चा करण्याचे कारण उरलेले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. त्याचे पहिले संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी ह्यांनी मुंबईच्या महानगरपालिकेच्या शाळांतील दलित विद्यार्थ्यांबरोबर १९८० नंतर काही वर्षे काम केले. मुले मठ्ठ नव्हती. पाठ्यपुस्तकातील मराठी त्यांच्या घरची नव्हती. वाचावयास घरात दुसरे पुस्तक नव्हते. शंका विचारावयास कोणी नव्हते. ह्या उणिवा भरून काढताच शालान्त परीक्षेतील त्यांची प्रगती लक्षणीय झाली. विज्ञानाच्या पुस्तकांची भाषा सोपी केली असता मुलांना विषय अधिक कळतो, हेही त्यांनी प्रयोगाने दाखविले. केरूनानांनी शंभर वर्षांपूर्वी सोप्या मराठीत पुस्तके लिहिली होती, त्याचे मोल ह्यावरून ध्यानी यावे.

मुलींच्या बाबतीत तर आपणच कमी पडलो. दहावीला गणितात उत्तम गुण मिळविणारी मुलगी अकरावीस शास्त्र शाखेकडे न जाता जवळच्या गावी जी शाखा असेल तिकडे जाते, कारण संध्याकाळची एस. टी. उशिरा सुटते. राज्य सरकारने २०२४ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मागास व आर्थिक दुर्बल घटकांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. फी माफ झाली. राहण्याची सोय मात्र ज्याने त्याने पाहावयाची आहे.

म्हणून आपल्या ज्ञातीच्या शिक्षणनिधीविषयी दोन शब्द लिहितो. दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो, शाल, श्रीफळ व पाकीट दिले जाते, छायाचित्र निघते. ह्यात वावगे काहीच नाही; परंतु नव्वद टक्के मिळविलेल्या मुलाची वाट एव्हाना बहुधा लागलेली असते. अडचण पडते ती पंचावन्न-साठ टक्क्यांच्या मुलाला, जो आपल्या घरातील पहिलाच डिप्लोम्यास किंवा इंजिनियरिंगला गेलेला असतो. पहिल्याच सत्रात इंग्रजी पुस्तके, लोणेऱ्याचे किंवा मुंबईचे वसतिगृह व अपुरी पायाभरणी ह्यांनी तो गांगरतो, एकदोन विषय राहतात, आणि तो दिवाळीच्या सुट्टीत घरी येतो तो परत जात नाही. अशा मुलासाठी त्याच अभ्यासक्रमातून पार पडलेला आपला एखादा ज्ञातिबांधव महिन्यातून दोनदा गणित घेऊन बसेल, अशी योजना निधीच्या खर्चाने सहज होऊ शकेल. वडीलधाऱ्या अभियंत्यांची नावे आपल्या यादीत आता पुष्कळ आहेत. अलिबाग, पेण, उरण, मुरूड येथे शास्त्र शाखेच्या मुलींसाठी एकेका घरात चारचार जणींच्या राहण्याची व्यवस्था झाली तरी एस. टी.चा प्रश्न सुटेल. आणि एका विषयात नापास होताच शिष्यवृत्ती बंद करण्याचे जे कलम बहुतेक ज्ञातिनिधींच्या नियमांत असते, ते आपल्या नियमांत असल्यास प्रथम काढून टाकावे. कारण मदतीची खरी गरज त्या विद्यार्थ्यास नेमकी त्याच महिन्यापासून लागते.